केडगावची घाणी आणि प्रार्थना

‘देवाचं करत राहा, पोटाचं तो बघेल,’ असं आपण सहज म्हणतो ना? पंडिता रमाबाईंनी असं जगून पाहिलं होतं, आणि त्याची किंमत फार मोठी होती.

1870 च्या दशकातला दुष्काळ. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान, सगळं कुटुंब तीर्थयात्रेत. पैसा पुण्यकर्मात संपला. मग भीक मागायची लाज आणि अंगमेहनत तर माहीतच नाही! आईवडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ तेवढे उरले.

पुढे 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पण मला खरी गंमत वाटते ती त्यानंतरची. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी 300 च्या आसपास मुली-बायका आणल्या. केडगावच्या ‘मुक्ती’त प्रार्थना तर होतीच, 1905 मध्ये तिथं मोठं धार्मिक जागरणही झालं. पण तिथेच शेती, गुरं, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना. अंध मुलींना ब्रेल. म्हणजे श्रद्धा एवढी तीव्र, तरी हातात काम हवंच!

आणि बाई स्वतः? हिब्रू-ग्रीक शिकून, शेकडो माणसांचा रोजचा संसार सांभाळत, बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालूच. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. पुस्तक नंतर छापून आलं, मुक्तीच्याच छापखान्यात.