दर्शनी भिंत कोणाची? हॉर्नबी रस्त्यावरील ओवऱ्या आणि त्यांचे जतन

व्यापारी इमारतीची मालकी खाजगी असते. तिचे दर्शन मात्र सार्वजनिक असते. या दोहोंतील विरोध मुंबईतील पूर्वीच्या हॉर्नबी रस्त्याच्या, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाच्या, इतिहासात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

१८६० नंतरच्या दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला आणि पुढे हा रस्ता रुंद करण्यात आला. १८९६ च्या नियमाने येथील प्रत्येक इमारतीस तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी ठेवणे बंधनकारक केले. निओ-क्लासिकल, निओ-गॉथिक, इंडो-सारासेनिक अशा भिन्न शैलींच्या इमारती त्यामुळे एका अखंड ओळीत बांधल्या गेल्या. पावसाळ्यात पादचाऱ्यास आसरा लाभला आणि दुकानदारास गिऱ्हाईक. मालकाच्या हक्कावर येथे मर्यादा पडली हे खरे. तथापि तिचा मोबदला व्यापारानेच चुकता केला.

स्वातंत्र्योत्तर काळात हे गणित बिघडले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीशी बांधली. भाडेकरूस संरक्षण मिळाले, परंतु दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेनासा झाला. या कोंडीचे टोक काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शनमध्ये दिसते. पूर्वीचे वॉटसन हॉटेल असलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून मुंबईत जोडण्यात आला होता. २००५ मध्ये तिच्या दर्शनी भागातील सज्जे कोसळले.

दुर्लक्षाइतकीच हानी अजाण दुरुस्तीनेही होते. चुन्याच्या सांध्यांतून भिंतीतील ओल बाहेर पडते. तेथे सिमेंट भरले की ती ओल दगडातच अडकते आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. दगडावर दिलेला तैलरंग हेच करतो, तर वाळूच्या माऱ्याने केलेली सफाई मळाबरोबर दगडाचा टणक पृष्ठभागही नेते.

१९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईतील इमारतींची तीन श्रेणींत सूची केली व बाह्य फेरफारांवर नियंत्रण आणले. परंतु सूचीत नाव आल्याने कमान मोकळी होत नाही. नौरोजी मार्गावर ती मोठमोठ्या पाट्यांखाली झाकली गेली होती. १९९८ च्या सुमारास वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या मार्गासाठी पाट्यांची व रस्त्यावरील साहित्याची आखणी केली. पाटी असावी, पण तिने कमानीची रेषा झाकू नये, हे त्यामागील सूत्र होते. दुकानदारांच्या सहभागाने झालेल्या या कामाचा २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरव झाला.

पाटीचा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षरे अन्य लिपींतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत. हा दंडक अक्षरांच्या परस्पर प्रमाणाविषयी आहे. पाटीचा एकूण आकार वाढविण्याची सक्ती त्यात नाही. म्हणून कमानीच्या मर्यादेतही मराठीचा मान पूर्णपणे राखता येतो. भाषा आणि वास्तू यांना येथे परस्परांच्या विरोधात उभे करणे अनाठायी ठरेल.

तात्पर्य, १८९६ चा नियम टिकला तो निव्वळ सक्तीने नव्हे, तर त्यात मालक, व्यापारी आणि पादचारी या तिघांचेही हित गुंतले होते म्हणून. दर्शनी भिंतीचा भार ज्या व्यवस्थेत एकट्या मालकावर पडतो, तेथे ती भिंत ढासळते. तिचा लाभ सर्वांनी घ्यावयाचा, तर तिच्या जतनाचा वाटाही सर्वांनी उचलणे क्रमप्राप्तच होय.