लिहिणारा एक, सही दुसऱ्याची

आमच्या शेजारची एक मुलगी इथे पाळीत घरी बसून परदेशातल्या दुकानांच्या जाहिराती लिहिते. साबण, मेणबत्त्या, दातांचा दवाखाना, जे काम येईल ते. गेल्या चतुर्थीला माटोळी बांधताना आमच्या वहिनीने तिला विचारले, ‘अगो, पण तुझे नाव कुठे छापून येते?’ ती हसली. ‘काकी, आमच्या कामात नाव येत नसते.’

मला डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर आठवले. सत्तरी तालुक्यातले, जन्म १८९४. गोव्याच्या जुन्या दप्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या या इतिहासकाराने १९५२ साली पोर्तुगीजमध्ये एक ग्रंथ लिहिला. विषय होता पोर्तुगीजांच्या वतीने बोलणी, लेखन आणि भाषांतरे करणारी आपली माणसे. सरकारी दुभाष्याच्या हुद्द्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘राज्याची जीभ’ असा होतो. मराठी दरबारांची पत्रे मोडीत येत. ती वाचायची, पोर्तुगीजमध्ये उतरवायची, आणि व्हाइसरॉयचे म्हणणे समोरच्याला रुचेल अशा रिवाजाने मांडायचे. १६६७ मध्ये शिवाजी महाराजांशी तह झाला, तेव्हा पोर्तुगीजांकडून बोलणी करणाऱ्यांत रामोजी शेणवी कोठारी होते. शब्द त्यांनी जुळवायचे, शिक्कामोर्तब मात्र धन्याचे.

ती कामे घराण्यातून, ओळखीतून मिळत. या मुलीची ओळख कोणाशीच नव्हती. तिच्या वडिलांचा ट्रक खाणीवर चाले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, सुरू होतात न होतात तोच मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि ट्रक विकावा लागला. मग तिने अपवर्कवर खाते उघडले. १९९९ चे ईलान्स आणि २००३ चे ओडेस्क एकत्र होऊन २०१५ पासून हे नाव आले आहे. तिथे नमुने ठेवायचे, जाहीर झालेल्या कामांसाठी प्रस्ताव पाठवायचे. ती सांगते, सगळ्यांना एकच मजकूर पाठवला तर कोणी वाचतही नाही. गिऱ्हाइकाचे दुकान आधी नीट पाहून दोन ओळी त्याच्याविषयी लिहाव्या लागतात. पहिले काम तिने अगदी स्वस्तात केले, केवळ चांगला अभिप्राय मिळावा म्हणून. त्यातूनही त्या काळी कंपनी २० टक्के कापून घेई. एका गिऱ्हाइकाने तर व्यवहार तिथून बाहेर काढला, मजकूर घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हापासून निम्मी रक्कम आगाऊ.

आमची पिढी म्हणेल, ही कसली नोकरी? मला मात्र खटकते ते वेगळेच. करारात अट असल्यामुळे आपले उत्तम काम तिला नव्या गिऱ्हाइकाला दाखवताही येत नाही. रामोजींचे नाव निदान दप्तरात राहिले, आणि शोधायला पिसुर्लेकर भेटले.

यंदाच्या स्मरणिकेतल्या दोन जाहिरातींचा मजकूर तिचाच आहे. खाली नाव घालू का, असे विचारले तर म्हणाली, ‘काका, आधी दुकानदाराला विचारा.’