नसेचं गाऱ्हाणं

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शर्टाचं वरचं बटण लावायला मला पाच-पाच मिनिटं लागू लागली. घरचे म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हटलं. दुखत काहीच नव्हतं ना! पुढे चालताना पाय अडखळायला लागले तेव्हा मुलाने नागपूरला नेलं. डॉक्टरांनी हातोडीच्या दांड्याने तळपायावर रेघ ओढली, तर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर उठला. एम.आर.आय. काढला. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेला होता.

ऑपरेशन झालं. चाल सुधारली, बोटं मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत. "अजून किती सुधारतील?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, किती तंतू मेले आणि किती नुसते दबले, हे बाहेरून सांगता येत नाही. वाट बघावी लागेल."

मी इतिहासाचा मास्तर. तेव्हापासून एकाच प्रश्नाचा इतिहास शोधत बसलोय : नस मरत असताना माणसाला ते कळतं कधी?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीला हा प्रश्न जुनाच आहे. बाबा आमटेंनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ सालीच पाहिला होता. हा जंतू कातडीइतकाच नसांमध्ये घर करतो. नस बधिर झाली की चुलीवरच्या भांड्याने हात भाजतो आणि कळत नाही. बोटं जातात ती बहुतेक अशा न कळलेल्या जखमा चिघळून. तपासणी म्हणजे चट्ट्यावर कापूस किंवा पीस फिरवायचं, कोपरामागची नस चाचपायची. पण स्पर्श गेला असं कळेपर्यंत नसेचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र औषधांचा उपचार सुचवला, त्याने जंतू मरतो. पूर्ण मेलेली नस काही परत येत नाही.

बाबांचाही मणका पार खिळखिळा झालेला. त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तशा अवस्थेत त्यांनी १९८५ साली कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा काढली.

पण आमच्या भागात मणका झिजवणारं मुख्य कारण म्हणजे काम. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवसभर चिखलात वाकून. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. शिवाय डोक्यावर मोळी. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, आणि त्यानंतर काही वर्षांतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेच्या शोधग्राममधल्या दवाखान्याला आदिवासींच्या मनाप्रमाणे माँ दंतेश्वरीचं नाव दिलेलं आहे. गावोगावचं कंबर-पाठीचं दुखणं तिथे गांभीर्याने ऐकलं गेलं. मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांच्या स्पाइन फाउंडेशनचे सहकारी तिथे येऊन रुग्ण तपासू लागले, शस्त्रक्रिया करू लागले.

आता डॉक्टरांच्या हातातल्या साधनांकडे वळू. माझ्या तळपायावरची ती रेघ पॅरिसच्या बाबिन्स्कीची, १८९६ सालची! त्याच्या एकच वर्ष आधी राँटगेनला क्ष-किरण सापडले. त्यात हाडं दिसली, मज्जारज्जू दिसेना. तो नीट दिसला १९८०च्या दशकात एम.आर.आय. आल्यावर. पण दाब कुठे आहे हे चित्रात दिसलं, तरी आतले तंतू किती तगतील याचा त्यावरून अंदाजच बांधावा लागतो.

ही उणीव रक्त भरून काढेल का, यावर सध्या संशोधन चालू आहे. मज्जातंतूच्या लांब शेपटीला आतून आधार देणारे बारीक धागे असतात, न्यूरोफिलामेंट म्हणतात त्यांना. तंतू तुटला की या धाग्यांचे तुकडे पाठीच्या पाण्यात आणि तिथून थोडेसे रक्तात उतरतात. मोजायचे ते पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग! इतकं सूक्ष्म मोजमाप रक्तात जमू लागलं ते २०१०च्या दशकात. मणक्याच्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर हे मोजलं, तर आत पडझड चालू आहे की थांबली हे कळावं, अशी आशा आहे.

मात्र घाई नको. हे प्रमाण वयानुसार आपोआप वाढतं, मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही वाढतं. शिवाय तुटलेला तंतू मेंदूतला, मानेतला की हातातला, हे रक्त सांगत नाही. म्हणून मणक्याच्या रुग्णांसाठी ही अजून रोजची तपासणी झालेली नाही.

उद्या ती होईलही. पण रक्त काढायच्या आधी कोणीतरी दवाखान्याची पायरी चढायला हवी. माझ्या नसेने गाऱ्हाणं केलं होतं, बटणाच्या रूपाने. मी वर्षभर ते ऐकलं नाही आणि दोष वयाला दिला. रोवणीतली बाई तर हाताला मुंग्या आल्या तरी हात झटकून पुन्हा वाकते.

तेव्हा वाचकहो, घरात कुणाला बटण लागेनासं झालं, चप्पल पायातून निसटू लागली, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. दुखत नसेल तर मुळीच नको.

असो. हे सगळं मी एका बोटाने टाइप केलंय. तीन दिवस लागले.