न हलणाऱ्या प्राण्यांचे फोटो

पळत्या हरणाचा फोटो काढणाऱ्याचं सगळे कौतुक करतात. काचेमागे वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असलेल्या हरणाचा काढून बघा म्हणावं! हरीण हलत नाही, हे खरं. आपण हलतो ना. संग्रहालयाच्या प्राणिदालनात उजेड इतका बेताचा, की कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागते. ट्रायपॉडला बहुतेक ठिकाणी मनाई, फ्लॅशला तर सक्त मनाई. भिंग काचेला टेकवावं, श्वास रोखावा आणि देवाचं नाव घ्यावं. भिंग जरा मागे घेतलंत की हरणाच्या दोन शिंगांच्या मधोमध आपलंच टक्कल उमटतं. असला एक फोटो पाहून आमच्या सौ.नी निरागसपणे विचारलं होतं, "यातला प्राणी कोणता?"

हा अंधार वीजबिल वाचवण्यासाठी नसतो. केस आणि पिसं उजेडानं विटतात आणि विटलेला रंग काही परत येत नाही. म्हणून असल्या नाजूक वस्तूंवर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवावा, असा संग्रहालयवाल्यांचा दंडक आहे.

गंमत अशी की या भांडणातले दोन्ही पक्ष एकाच घरचे. लुई दागेरनं १८२२ साली पॅरिसमध्ये 'डायोरामा' नावाचं नाट्यगृह काढलं. नट नाहीत, संवाद नाहीत. प्रेक्षकांनी अंधारात थांबायचं आणि भल्यामोठ्या रंगवलेल्या पडद्यावर, उजेड कमीजास्त होईल तशी, दिवसाची रात्र होताना पाहायची. मार्च १८३९ मध्ये ते जळून खाक झालं आणि त्याच वर्षी दागेरची छायाचित्रणाची कृती जगजाहीर झाली. म्हणजे सासूही यानंच आणली आणि सूनही! त्या वर्षीचं त्याचं एक चित्र आहे, फळ्यांवर मांडलेल्या शंखांचं आणि जीवाश्मांचं. एक्स्पोजर मिनिटांत मोजायचे ते दिवस. गडी हुशार, शंख शिंकत नाहीत.

पुढे संग्रहालयातल्या देखाव्यांना तेच नाव चिकटलं. त्यांना वैभवाला नेलं कार्ल एकली या अमेरिकनानं. आपण अजून 'पेंढा भरलेला वाघ' म्हणतो, पण एकलीनं पेंढ्याला केव्हाच रजा दिली होती. आधी मातीत स्नायूंसकट प्राणी घडवायचा, त्याचा साचा काढून हलकं पोकळ शरीर बनवायचं आणि त्यावर कातडं चढवायचं. पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात त्याचं उत्तम जमलं असतं. १८९६ मध्ये सोमालीलँडात अंगावर आलेल्या बिबळ्याला त्यानं नुसत्या हातांनी मारलं. आणि या गृहस्थानं पुढे काय करावं? पळत्या जनावरांची फिल्म घेता यावी म्हणून स्वतःच एक कॅमेरा बनवला!

१९२१ साली तो बेल्जियन काँगोत गोरिले मारून आणायला गेला. आणलेही. पण मग त्याचं मन फिरलं. उरलेल्यांना वाचवा म्हणून तो बेल्जियमच्या राजापर्यंत गेला आणि १९२५ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. १९२६ मध्ये त्याच डोंगरांत तो आजारी पडून वारला, तिथंच पुरला गेला. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातलं त्याच्या नावाचं दालन उघडलं ते १९३६ मध्ये. त्यातल्या गोरिलांच्या मागे रंगवले आहेत ते त्याच मुलखातले डोंगर. त्या काळ्या केसांवर फ्लॅश मारायचा माझ्याच्यानं तरी धीर होणार नाही.

त्याच संग्रहालयात १९७६ च्या सुमारास हिरोशी सुगिमोतो हा जपानी छायाचित्रकार मोठा कॅमेरा घेऊन शिरला. त्यानं टिपलेलं पांढरं अस्वल पाहून वाटतं, हा पठ्ठ्या बर्फात जाऊन आला. त्याची युक्ती साधी होती. एक डोळा मिटला की देखाव्याचा खोटेपणा नाहीसा होतो. आणि कॅमेऱ्याला डोळा एकच!

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा प्राणिविभाग मला फार आवडतो. १९२६ साली सालिम अली इथंच लोकांना माहिती सांगायच्या नोकरीला लागले. परवा तिथं मी एक डोळा मिटून बराच वेळ काचेसमोर उभा होतो. शेवटी पहारेकरी जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, डोळ्यात काही गेलं का?"