वेरूळचे आजोबा, तंजावरचे नातू



आजच्या भागाचा विषय आहे एक आजोबा. शिवाजी महाराजांचे आजोबा, मालोजीराजे भोसले.

मालोजींचे नाव काढले की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे वेरूळच्या शेतात देवीच्या दृष्टांताने सापडलेला धनाचा साठा. दुसरी म्हणजे लखुजी जाधवरावांच्या वाड्यातली रंगपंचमी. छोटे शहाजी आणि छोट्या जिजाऊ एकमेकांवर रंग उडवतात, लखुजी कौतुकाने जोडा शोभतो म्हणतात आणि मालोजी लगेच उठून 'सर्वांनी ऐकले, आता आपण व्याही झालो' असे जाहीर करतात. गोष्टी रंगतदार आहेत. पण त्या येतात नंतरच्या बखरींतून, आणि इतिहासकारांनी त्यांच्याबद्दल शंका घेतलेली आहे.

फौजेत शत्रूकडची बातमी हाती आली की आम्ही दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो. बातमी आणणारा किती भरवशाचा? आणि बातमी स्वतः किती पटण्यासारखी? भरवशाचा माणूसही कधी ऐकीव बातमी आणतो आणि लबाड माणूसही कधी खरी बातमी देतो. म्हणून दोन्हींना वेगळे गुण द्यायचे. आजोबांच्या गोष्टींनाही हीच चाळणी लावली, तर मालोजींबद्दल हातात काय उरते ते पाहू.

चाळणीत उरलेले मालोजी

बाबाजी भोसल्यांचे दोन मुलगे, मालोजी आणि विठोजी. घराण्याकडे वेरूळची पाटीलकी होती. हिंगणी बेर्डी आणि देवळगाव या गावांशीही त्यांचा संबंध होता. दोघे भाऊ निजामशाहीच्या चाकरीत शिरले. त्या काळी घोडेस्वारांत बारगीर आणि शिलेदार असा मोठा फरक असे. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन येई, म्हणून त्याचा मानही जास्त आणि जोखीमही जास्त, कारण घोडा मेला तर नुकसान त्याचेच. गावच्या पाटीलकीतून निघून स्वतःचे पथक बाळगणाऱ्या सरदारापर्यंत पोहोचणे ही एका पिढीतली मोठी मजल होती. ती मालोजींनी मारली. फलटणच्या निंबाळकरांची कन्या उमाबाई त्यांच्या घरात आली, यावरूनही घराण्याची चढती कमान दिसते.

मुलगा व्हावा म्हणून अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला, आणि झालेल्या दोन मुलांची नावे त्याच्यावरून ठेवली, एक शहाजी आणि दुसरा शरीफजी. ही नावे लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला फार लांब नेणार आहेत.

मालोजींनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या यात्रेत पाण्याचे हाल होत, तिथे डोंगराखाली मोठा तलाव बांधला. आणि इंदापूरच्या लढाईत ते पडले. शहाजीराजे तेव्हा अगदी लहान होते. काका विठोजींनी पुतण्यांना आपल्या मुलांसारखे वाढवले.

म्हणजे शिवाजी महाराजांनी आजोबांना पाहिले नव्हते. त्यांचे सावत्र भाऊ एकोजी, ज्यांना व्यंकोजी असेही म्हणतात, त्यांनीही नाही. खुद्द शहाजीराजांच्या मनात वडिलांची आठवण असलीच तर एखाद्या लहान पोराला राहते तेवढीच असणार. असे असताना हे आजोबा आपल्यापर्यंत पोहोचले कसे? मी बंगळूरला राहतो, आणि इथे राहून या प्रश्नाकडे पाहिले की उत्तर थोडे अनपेक्षित मिळते. मालोजींची आठवण जपण्याचे मोठे काम घर सोडून दक्षिणेत आलेल्यांनी केले.

बंगळूरच्या दरबारात

१६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखान कर्नाटकाच्या मोहिमेवर आला तेव्हा शहाजीराजे त्याच्या बरोबर होते. केंपेगौडाच्या वंशजांकडून बंगळूर घेतले गेले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. चिकपेट भागात त्यांचा 'गौरी महाल' होता, असे परंपरा सांगते. बालशिवाजीही आईबरोबर इथे येऊन राहिले होते. थोरले बंधू संभाजी आणि धाकटे एकोजी वडिलांजवळ याच मुलखात वाढले.

शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. त्याला बारा भाषा येत. त्याने शहाजीराजांवर 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य रचले. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये ते छापले आणि त्याला जोडलेली लांबलचक प्रस्तावना आजही शहाजीराजांच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. या काव्यात भोसल्यांचा संबंध राजस्थानातल्या राण्यांच्या कुळाशी, म्हणजे सिसोदियांशी जोडलेला आहे.

आता चाळणी पुन्हा हातात घ्या. सिसोदिया वंशाची गोष्ट १६७४ च्या राज्याभिषेकासाठी नव्याने तयार केली, असे काही जण म्हणतात. हा दावा खरा की कसा, यावर आजही एकमत नाही. पण ही बातमी राज्याभिषेकाच्या आधीच बंगळूरच्या दरबारात बोलली जात होती, एवढे जयरामच्या काव्यावरून दिसते. बातमी खरी आहे का, हा एक प्रश्न. ती केव्हापासून फिरते आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले नाही तरी दुसऱ्याचे मिळू शकते.

२३ जानेवारी १६६४ रोजी शहाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. त्यांची समाधी कर्नाटकात, चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरे गावी आहे. वेरूळच्या पाटलाचा मुलगा तुंगभद्रेच्या मुलखात विसावला.

बंगळूरला येणाऱ्याने मल्लेश्वरमचे काडू मल्लेश्वर मंदिर जरूर पाहावे. १६६९ सालच्या कन्नड शिलालेखानुसार एकोजींनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिले. भाषा कन्नड, मुलूख परका, पण देणगी महादेवालाच. आजोबांनी घृष्णेश्वर आणि शंभू महादेवासाठी जे केले, तेच नातवाने इथे केले. आठवण कधी कधी अशी कृतीतून उतरते.

नावांचा पुरावा

१६७५–७६ च्या सुमारास एकोजींनी तंजावर घेतले आणि तिथे मराठ्यांचे राज्य सुरू झाले. त्यांना तीन मुलगे, आणि तिघेही पाठोपाठ गादीवर बसले. पहिले शहाजी, १६८४ पासून. दुसरे सरफोजी, १७१२ पासून. तिसरे तुकोजी.

पहिली दोन नावे पुन्हा एकदा मोठ्याने म्हणा. शहाजी आणि सरफोजी. म्हणजे शहाजी आणि शरीफजी! सरफोजी हे शरीफजीचेच रूप. पुढे संस्कृत पंडितांनी त्याचे 'शरभोजी' केले, त्यामुळे मूळ शब्द झाकला गेला. हे शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मारले गेले होते. एकोजींनी आपल्या वडिलांचे आणि तरुणपणी पडलेल्या काकांचे नाव आपल्या मुलांना दिले. वेरूळला मालोजींच्या अंगणात जी जोडी खेळली होती, तीच जोडी कावेरीकाठी पुन्हा खेळू लागली. अहमदनगरच्या पीराचे नाव तमिळ मुलखातल्या हिंदू राजाला मिळाले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

इकडे शिवाजी महाराजांनीही तेच केले. थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. १६५७ मध्ये महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव संभाजी. आजोबांचे, काकांचे नाव नातवाला, पुतण्याला देण्याची आपली जुनी चाल म्हणजे बिनकागदाची वंशावळच होती. लिहिता न येणाऱ्या घरातही ती टिकली.

हरवून सापडलेले पुस्तक

शिवाजी महाराजांनी कवींद्र परमानंद यांच्याकडून आपले चरित्र लिहवून घेतले, ते 'शिवभारत'. ते संस्कृतात आहे आणि अपुरे राहिले आहे. चरित्र नातवाचे, पण कवी आरंभ करतो मालोजींपासून. नवस, शाह शरीफ, शिंगणापूरचा तलाव, इंदापूरची लढाई या सगळ्याला त्यात जागा आहे. मालोजींची आज आपल्याजवळ असलेली सुसंगत हकीकत मुख्यतः याच ग्रंथातून येते. नातवाच्या सांगण्यावरून लिहिलेला ग्रंथ आहे, तेव्हा आजोबांचे गुण थोडे उजळ असणार, हे धरून चालावे. पण बखरींपेक्षा तो शंभराहून अधिक वर्षांनी जवळचा आहे.

आणि हा ग्रंथ सापडला कुठे? तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. स. म. दिवेकर यांनी तिथली प्रत उजेडात आणली आणि १९२७ मध्ये तो छापून निघाला. रायगडाची राखरांगोळी झाली, दप्तरे गेली. मराठी मुलखाने जे गमावले ते तमिळ मुलखातल्या धाकट्या पातीने सांभाळून ठेवले.

राज्य गेले, वंशावळ कोरली

तंजावरचे दुसरे सरफोजी हे दत्तक होते. राजे तुळजाजींनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतून हा मुलगा घेतला. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी दत्तकविधानाला हरकत घेतली. पंडितांचा कौल मागवला गेला आणि अमरसिंह गादीवर बसले. मुलगा मोठा झाला, शिकला, पुन्हा पंडितांची मते मागवली गेली, आणि १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, मानमरातब आणि तनखा.

त्यानंतर चार वर्षांनी, १८०३ मध्ये, सरफोजींनी बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. 'भोसले वंशचरित्र' म्हणून तो ओळखला जातो. लेख एवढा मोठा आहे की वाचणाऱ्याला भिंतीच्या कडेने चालतच जावे लागते. त्यात तारखांचे घोळ आहेत, पुराणकाळापासून सुरुवात आहे, अतिशयोक्तीही आहे. चाळणी लावली तर बरेच खाली पडते.

पण एका सैनिकाला त्यात दुसरेही काही दिसते. ज्याच्या रक्तावरच शंका घेतली गेली होती आणि ज्याच्या हातातली तलवार शोभेची उरली होती, तो माणूस चोळांच्या मंदिरावर, तमिळ मुलखात, मराठीत लिहवतो की मी कोणाचा. राज्य हातात असताना सनदा लिहितात. राज्य गेल्यावर वंशावळ लिहितात. स्वतःचे नावही शाह शरीफच्या नवसाचेच. दत्तक असो वा औरस, त्या नावाने तो मालोजींच्या घरचा होताच.

आपल्या घरचे मालोजी

यातून मला एक गोष्ट सांगायची आहे. जो गावी राहतो, त्याच्यासाठी गावच आठवण ठेवते. बांध, विहीर, देवळाची पायरी, सातबारा, भाऊबंदकी, सगळे आजोबांचे नाव घेत राहतात. जो परमुलखात जातो, त्याला ती आठवण बरोबर न्यावी लागते. नेली नाही तर तिथे ती आपोआप उगवत नाही.

दक्षिणेत आपल्यासारख्या मराठी घरांना एक जास्तीची अडचण आहे. इथे आडनाव लावायची पद्धत सरसकट नाही. गावाचे आणि वडिलांचे आद्याक्षर, पुढे आपले नाव. मुलाच्या वेळी वडील पुढे सरकतात, आजोबा गळून पडतात. 'राव' उरते, पण ते जाधवराव होते की आणखी कोणी, हे दोन पिढ्यांत विसरले जाते. घरी कन्नड किंवा तमिळ मिसळलेली मराठी बोलतात, लग्नात मंगलाष्टके मराठी असतात, पण पणजोबांचे गाव विचारले तर सगळे एकमेकांकडे पाहतात. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद असतात. ते वाचता येत नाहीत, आणि जे वाचता येत नाही ते रद्दीत जाते.

म्हणून तीन कामे करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून चार पिढ्यांची नावे लिहून घ्या. बायकांची माहेरची नावे आणि गावेही लिहा, कारण अर्धा इतिहास तिकडेच असतो. दुसरे, त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी अशा ठिकाणी गेलात तर आपल्या तीर्थोपाध्यायांची वही उघडायला सांगा. आजोबा यात्रेला गेले असतील तर त्यांच्या हातची सही तिथे भेटू शकते. तिसरे, मोडी कागद टाकू नका. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत आणि शिकवणारे वर्गही आहेत. कागदाचे फोटो काढा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा.

लिहिताना प्रत्येक ओळीपुढे खूण करा की हे कागदावर पाहिले, हे वस्तूवरून ठरवले आणि हे ऐकले. ऐकीव गोष्ट फेकायची नाही, फक्त तिच्यावर 'ऐकीव' असे लिहायचे. आपल्या आजोबांच्या आयुष्यातही एखादी रंगपंचमीची गोष्ट असतेच. ती सांगावी, मुलांना आवडते. पण शिंगणापूरचा तलाव वेगळा नोंदवावा, कारण त्याचे पाणी लोक खरोखर प्याले.

पुढच्या भागात भातवडीची लढाई नकाशावर पाहू. तोपर्यंत तुमच्या घरातल्या चार नावांची यादी पूर्ण झालेली असू द्या.

जय हिंद.