पेशीचा दरवाजा

वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील राजगडावर जायचे तर पाली, गुंजवणे, अळू अशा दरवाजांच्या वाटा शोधाव्या लागतात. अन्यत्र तट आणि कडे. मानवी पेशीचेही काहीसे असेच आहे. तिच्या आवरणावर ‘रिसेप्टर’ नावाची प्रथिने असतात आणि प्रत्येक रिसेप्टर ठरावीक रेणूंनाच ओळखतो. बाहेरचे जनुक आत न्यायचे, तर वाहकाला यांतला एखादा दरवाजा ठाऊक हवा. २०२१ साली भोर-वेल्ह्यातील गावोगाव टोचल्या गेलेल्या कोविशिल्डचा पूर्वेतिहास याच शोधाचा आहे.

१९८७. कनेक्टिकट विद्यापीठातील जॉर्ज वू आणि कॅथरीन वू. यकृताच्या पेशींवरील एक रिसेप्टर, सायलिक आम्ल गळून गेलेली रक्तातील प्रथिने ओळखून आत ओढतो. वू दांपत्याने अशाच एका प्रथिनाला पॉलिलायसिनची साखळी जोडली. पॉलिलायसिनवर धन प्रभार, डीएनएवर ऋण. डीएनए तिला आपोआप बिलगला आणि तो रिसेप्टर असलेल्या पेशींत जनुक पोहोचले. कल्पना देखणी होती. मात्र आत ओढलेला बराचसा डीएनए पेशीच्या पाचक कप्प्यांतच नष्ट होई.

अ‍ॅडिनोव्हायरस हा विषाणू त्या कप्प्यातून निसटतो. त्याचे कवच प्रथिनांचेच. कवचावरील तंतूंनी तो रिसेप्टर पकडतो आणि आत गेल्यावर कप्पा फोडतो. साहजिकच जनुकोपचारासाठी त्याच्याकडे लक्ष गेले. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर याच वाहकामुळे मरण पावला. त्याचा यकृतविकार आहार व औषधांनी आटोक्यात होता. त्याच विकारासह जन्मणाऱ्या बालकांना उपयोग व्हावा म्हणून तो चाचणीत उतरला होता. शरीराने वाहकाविरुद्ध एवढा तीव्र प्रतिकार केला की चार दिवसांत अवयव निकामी झाले.

उपचारासाठी घातक ठरलेला हाच स्वभाव लसशास्त्रज्ञांना उपयोगी वाटला. लशीला प्रतिकारशक्ती जागवायचीच असते, आणि जनुक पेशीत कायम टिकण्याची गरज नसते. अनेक माणसांत मानवी अ‍ॅडिनोव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असतात. म्हणून ऑक्सफर्डने चिंपांझीचा विषाणू घेतला, त्याची वाढण्याची क्षमता काढली आणि पुढे त्यात कोरोनाच्या काटा-प्रथिनाचे जनुक बसवले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तीच लस कोविशिल्ड या नावाने बनवली. अर्ध्या मिलिलिटरच्या मात्रेत सुमारे पाच हजार कोटी विषाणूकण! ३ जानेवारी २०२१ रोजी भारतात तिच्या आपत्कालीन वापरास परवानगी मिळाली.

वाहकाचा जुना धोका पुरता संपला नव्हता. या लशीनंतर अत्यल्प व्यक्तींमध्ये रक्ताच्या गंभीर गुठळ्या आढळल्या. त्यामागे रक्तातील पीएफ४ या प्रथिनाविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे होती.

प्रथिनकवचाचा एक व्यावहारिक लाभ मात्र डोंगरी तालुक्यांना झाला. फायझरच्या एमआरएनए लशीला आरंभी उणे सत्तर अंशांची शीतगृहे लागत. कोविशिल्डला दोन ते आठ अंश पुरत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातला बालकांच्या लशींचा तोच जुना फ्रीज.