आखाड्यातील स्वयंसेवकांची परंपरा

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात व्यायामशाळांची जी चळवळ उभी राहिली, तिचा आधार वेतनावरील शिक्षक नव्हते, तर संध्याकाळी आपला कामधंदा आटोपून आखाड्यात उतरणारे स्वयंसेवक होते. तालमीत शिकवणाऱ्या अनुभवी मल्लाला वस्ताद म्हणत, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला मुलगा पुढे धाकट्यांना दंड, बैठका, मल्लखांब शिकवू लागे. त्यामुळे नवे कार्यकर्ते बाहेरून शोधावे लागत नसत, ते शिकता शिकताच घडत. १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या जुन्या रीतीला शिक्षणाची शिस्त दिली, हे त्याचे खरे मोठेपण होय. मंडळाने व्यायामशिक्षकांसाठी वर्ग चालवले, आणि तेथे शिकलेले तरुण आपापल्या गावी परतून नवे आखाडे उभारू शकत होते. १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, तेव्हा गावच्या मैदानावरील निरपेक्ष श्रमाला जगासमोर मान मिळाला.

स्वयंसेवक टिकवण्यासाठी मात्र मान पुरेसा नसतो, त्यांच्यामागे टिकाऊ संस्थाही लागते. पुण्यात १९२४ साली शिवरामपंत दामले यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने व्यायामाला पुढे शाळांची जोड दिली, आणि संस्थेला दीर्घायुष्य लाभण्यात या जोडीचा वाटा मोठा होता.